थकीत हिस्सा

जुलै 2022 मधली एक दुपार होती. आमची ग्रंथपाल त्या दिवशी रजेवर होती, म्हणून टेबलाशी मी बसले होते. आठवीतली एक मुलगी पलीकडच्या गावातून साकव ओलांडून आली. पुस्तक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वरून स्वतःच्या ओढणीत गुंडाळलेलं. ती स्वतः निथळत होती आणि पुस्तक कोरडं होतं. मी ते घेतलं, देवघेव नोंदवहीत ‘जमा’ लिहिलं. तोवर ती कपाटाशी जाऊन दुसरं पुस्तक काढून आली होती.

मी तिला सांगितलं, ‘‘हे आता मिळणार नाही. तुमच्या ग्रामपंचायतीने हिस्सा भरलेला नाही. बाहेरच्या वाचकांना दोनशे रुपये अनामत आहे. घरी सांग.’’

तिने काही विचारलं नाही. पुस्तक जिथून काढलं होतं तिथे नेऊन ठेवलं, बाकीच्या पुस्तकांच्या ओळीत नीट बसवलं आणि चपला घालून पावसात निघून गेली. मी तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘हिस्सा थकीत. पुस्तक देऊ नये.’

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्या मुलीची आई माझी विद्यार्थिनी. मुलांच्या हाती पुस्तक पडावं म्हणून आयुष्यभर धडपडल्याचं मी भाषणांतून सांगत आले होते. आणि भर पावसात आलेल्या मुलीला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. हे कसं घडलं ते आज लिहिते आहे. त्या दुपारी मला वेगळं काही सुचायला हवं होतं एवढंच म्हणून भागणार नाही. त्या दुपारपर्यंत मी एकेक पाऊल चालत आले होते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातली आमची दोन गावं. मध्ये एक पऱ्या, त्यावर साकव. इकडचं गाव मोठं, पलीकडचं लहान आणि वाड्यांनी पांगलेलं. 2018 मध्ये मी थेट निवडणुकीतून सरपंच झाले आणि पहिलं काम हाती घेतलं ते वाचनालयाचं. आमच्या एका ग्रामपंचायतीला ते झेपणारं नव्हतं. स्वतंत्र वाचनालय काढून शासनमान्यता घ्यावी, तर तो रस्ताही बंद होता. 2012 साली राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता थांबल्या. मान्यता नाही म्हणजे अनुदान नाही. तेव्हा तालुक्याच्या जुन्या वाचनालयाची शाखा आपल्याकडे आणायची, पुस्तकांची पेटी त्यांनी दर दोन महिन्यांनी बदलून द्यायची आणि जागा, दिवाबत्ती, ग्रंथपालाचं मानधन हा खर्च दोन ग्रामपंचायतींनी वाटून घ्यायचा, अशी कल्पना निघाली. पलीकडचे तेव्हाचे सरपंच वयाने माझ्याहून मोठे. मी त्यांना अण्णा म्हणत असे. ते पहिल्याच भेटीत ‘‘बाई, चांगलं काम आहे, आम्ही आहोत’’ म्हणाले. 26 जानेवारी 2019 च्या ग्रामसभांत दोन्हीकडे ठराव झाले. उद्घाटनाच्या भाषणात मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, की ज्या जिल्ह्यात 1828 साली वाचनालय सुरू झालं त्या जिल्ह्याला दोन गावांचं एक वाचनालय जड नाही. टाळ्या पडल्या. पलीकडच्या वाड्यांमधून आलेल्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या.

आमच्या ग्रामसेवकांनी त्याआधी मला दोनदा सांगितलं होतं. ग्रामपंचायत अधिनियमात दोन स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय आहे. समिती करू, करारनामा करू, हिशेब वेगळा ठेवू, एखाद्या गावाला बाहेर पडायचं झालं तर पुस्तकं आणि सामान कसं वाटायचं तेही लिहून ठेवू, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते कानाला खटकलं. लग्न लागायच्या आधी कोणी काडीमोडाची भाषा करतं का? मी म्हणाले, ‘‘दोन्ही गावांचा देव एक, हायस्कूल एक, स्मशानाची वाट एक. कागद कशाला?’’ ग्रामसेवक बाहेरगावचे, बदलीचे नोकर, त्यांना आमची नाती काय कळणार, असंही मनात आलं. खरं म्हणजे तेवढे एकटेच त्या नात्यांच्या पुढच्या पाच-दहा वर्षांचा विचार करत होते. अण्णांचा शब्द हा अण्णांचा होता, तो त्यांच्यानंतर येणाऱ्या सरपंचाचा नव्हता, इतकी साधी गोष्ट मला पोचली नाही.

मग जागेचा प्रश्न आला, आणि इथे माझी चूक नुसत्या भोळेपणाची नव्हती. अण्णांनी तिठ्यावरची विकास सोसायटीची खोली सुचवली होती. तिठ्यावर एसटी थांबते, हायस्कूल तिथून हाकेच्या अंतरावर आणि दोन्ही गावांची माणसं दिवसातून एकदा तरी तिथे येतातच. सोसायटी भाडं मागत होती, पण फार नाही. मी आमच्या ग्रामपंचायतीमागची मोकळी खोली पुढे केली. भाडं वाचतं, वीज आहे, देखरेख राहते, ही कारणं मी सभेत सांगितली आणि ती खोटी नव्हती. पण न सांगितलेलं कारण जास्त खरं होतं. फलक माझ्या गावात लागावा, आमच्या कारकिर्दीत झालेलं काम लोकांना येता-जाता दिसावं, असं मला वाटत होतं. फलक लागला, त्यावर नाव फक्त आमच्या गावाचं रंगवलं गेलं. पेंटरने विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, ‘‘दोन नावं मावणार नाहीत, एकच लिही.’’ लाकडी फळी सहा फुटांची होती.

पलीकडच्या टोकाच्या वाडीपासून ती खोली तीन किलोमीटर पडते, आणि जून ते सप्टेंबर साकवावर शेवाळ असतं. वेळ ठेवली होती दहा ते पाच, कारण किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. त्या वेळात मुलं शाळेत आणि बाया शेतात. पहिल्या वर्षी वाचक कमी आले याचा दोष मी मोबाइलला दिला.

खर्चाची वाटणी मी 2011 च्या जनगणनेवरून काढली : साठ टक्के आम्ही, चाळीस टक्के त्यांनी. ती वाटणी आजही मला योग्य वाटते. पण पैसे जमा होणार आमच्या खात्यात, सह्या आमच्या, खरेदी आमची आणि पुस्तकांची निवड माझी. अण्णांकडे मी मागितला तो चाळीस टक्के पैसा. चाळीस टक्के अधिकार त्यांना दिला नाही, आणि त्यांनीही तोंड उघडून मागितला नाही. मी एकदाही त्यांना विचारलं नाही, की पुढच्या पेटीत काय मागवू. त्यांच्या गावात शेळीपालन करणाऱ्या बायकांचा बचत गट होता, काजूप्रक्रियेचं लहानसं युनिट होतं. त्यांना त्या विषयांची पुस्तकं हवी होती हे मला 2023 मध्ये कळलं. मी चार वर्षं कादंबऱ्या, चरित्रं आणि बालवाङ्मय मागवत राहिले, कारण मला ते आवडतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत वाचनालयाला कुलूप लागलं. त्या काळाबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. एवढंच की उघडलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांना बुरा आला होता आणि ग्रंथपालाने ती एकेक करून उन्हात घातली, पुसली, डांबरगोळ्या ठेवून परत लावली.

या ग्रंथपाल मुलीबद्दल थांबून लिहायला हवं, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठा अन्याय तिच्यावर झाला. ती पलीकडच्या गावची सून. बारावी झालेली, ग्रंथालय परीक्षेचा वर्ग तिने स्वतःच्या खर्चाने केलेला. मानधन ठरलं महिन्याला चार हजार. 2020 नंतर घरपट्टीची वसुली मंदावली. ग्रामपंचायतीचा स्वनिधी आटला. तेव्हा मी ठरवलं, की पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून मानधन भागवू. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांमध्ये विसावा विषय ग्रंथालयांचा आहे, आणि अबंधित निधी त्या 29 विषयांवर खर्च करता येतो, एवढं मी वाचलं होतं. त्यापुढचं वाक्य मी वाचलं नव्हतं : पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. त्या निधीतून कपाट घेता येतं, पंखा घेता येतो, पण कपाट उघडणाऱ्या माणसाला पैसे देता येत नाहीत. विकास आराखड्यात मी मानधनाची रक्कम धरली होती आणि ग्रंथपालाला तोंडी सांगितलं होतं, की काळजी करू नकोस, पैसे आले की एकदम देते. देयक करायची वेळ आली तेव्हा ग्रामसेवकांनी डिजिटल सही करायला नकार दिला. ते बरोबर होते. मी त्यांच्यावर चिडले.

सात महिने तिला एक रुपया मिळाला नाही. सात महिने ती रोज साकव ओलांडून येत राहिली. तिने मला एकदाच विचारलं, ‘‘बाई, या महिन्यात होईल का? घरी सांगायचं होतं.’’ मी म्हणाले, ‘‘तुमच्या गावाचा हिस्सा आला की होईल.’’ हे वाक्य मी तिला म्हणाले याची मला आजही शरम वाटते. आमच्याच साठ टक्क्यांचा पत्ता नव्हता. पण तिच्या गावाचं नाव पुढे केल्यावर तिला पुढे काही बोलता येईना. घरी सासऱ्यांनी तिला ऐकवलं, की गावाचे पैसे थकलेत आणि तू फुकट राबतेस. पुढे घरपट्टीची वसुली झाली तेव्हा तिची सगळी बाकी दिली, पण त्या सात महिन्यांत तिला काय सोसावं लागलं ते वसुलीने भरून आलं नाही.

पलीकडच्या गावाचा हिस्सा का आला नव्हता, त्याची कथा अशी. जानेवारी 2021 मध्ये तिकडे निवडणूक झाली. अण्णा पायउतार झाले, तरुण सरपंच आला. मुंबईत नोकरी करून गावी परतलेला मुलगा, हिशेबाला पक्का. त्याने मला पत्र लिहिलं : दोन वर्षांची कीर्द, व्हाउचरं, दाखल नोंदवही आणि जडसंग्रह नोंदवही पाहायला मिळावी, म्हणजे मासिक सभेपुढे ठेवून पुढचा हिस्सा मंजूर करता येईल. पत्राची भाषा अदबीची होती. मला मात्र ते पत्र वाचून कानशिलं तापल्यासारखं झालं. माझ्या हातात छडी असताना हा जन्मलाही नव्हता, आणि हा माझा हिशेब तपासणार? मी उत्तर लिहिलं नाही. त्याने दुसरं पत्र पाठवलं. मी तोंडी निरोप धाडला, की आधी हिस्सा भरा, मग हिशेब बघा. त्याने हिस्सा रोखला.

पुढे तालुक्याच्या वाचनालयाच्या वयोवृद्ध कार्यवाहांकडे मी त्याचं गाऱ्हाणं घेऊन गेले. त्यांनी मला समजावलं ते असं. तमिळनाडूत 1948 च्या मद्रास कायद्यापासून घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर वसूल होतो, तो ग्रंथालयासाठीच राहतो. आपल्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीला वाचनालयाला पैसे द्यायचे तर ते दरवर्षी सभेपुढे मागून, सदस्यांना पटवून मंजूर करून घ्यावे लागतात. ‘‘तो सभेला काय दाखवणार? तुमचा शब्द?’’ ते म्हणाले. मी त्यांचंही ऐकून सोडून दिलं. हिशेबात अफरातफर नव्हती, एका पैशाचीही नव्हती, आणि त्या गोष्टीनेच मला आंधळं केलं. मी स्वच्छ आहे ना, मग दाखवायचं कशाला, असं मला वाटे. आता उलट वाटतं : स्वच्छ होते, तर दाखवायला पाच मिनिटं लागली असती.

हट्टाला पेटून मग मी आमच्या मासिक सभेत ठराव करून घेतला, की पलीकडच्या वाचकांना अनामत लावावी. दोनशे रुपये. आमच्या सदस्यांपैकी एका बाईंनी विचारलं, ‘‘पोरांनापण?’’ मी म्हणाले, नियम सर्वांना सारखा. आणि मग जुलैमधली ती दुपार आली.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी, त्या मुलीने परत ठेवलेलं पुस्तक मी कपाटातून काढलं. का काढलं ते सांगता येणार नाही. आतल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, की पलीकडच्या एका वाडीच्या मुंबईतल्या मंडळाकडून वाचनालयास सप्रेम भेट. शेजारचं पुस्तक काढलं, त्यावरही तेच. मग मी दाखल नोंदवही घेऊन बसले. 2019 च्या गणपतीत चाकरमान्यांनी पुस्तकांचे गठ्ठे आणून दिले होते. दोन्ही गावांच्या चाकरमान्यांनी. नोंदी मी माझ्या हाताने केल्या होत्या, घाईघाईत, आणि प्राप्तीच्या रकान्यात सरसकट एकच ओळ ओढली होती : ‘देणगी’, आणि पुढे आमच्या ग्रामपंचायतीचं नाव. त्यांची पुस्तकं मी आमच्या नावावर चढवली होती, आणि तीच त्यांच्या मुलीला द्यायला नकार दिला होता. रात्री अकरापर्यंत मी त्या खोलीत होते. शिपाई दोनदा येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गणपती झाल्यावर, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी गेले. तिच्या आईने, माझ्या विद्यार्थिनीने, ‘‘या बाई’’ म्हणून पाट मांडला, चहा केला. मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं हो. वाचून कंटाळली म्हणाली.’’ मुलगी मागच्या पडवीत होती. बाहेर आली नाही. मी हाक मारली नाही.

तिथून मी सरळ तरुण सरपंचाकडे गेले, कीर्द आणि सगळ्या नोंदवह्या पिशवीत घेऊनच. त्याने त्या तासभर पाहिल्या. दोन ठिकाणी बेरीज चुकली होती, ती त्याने पेन्सिलीने दाखवली. मग म्हणाला, ‘‘बाई, हेच पाहिजे होतं.’’ बाकी एक शब्द बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर बोलले असते.

नवी रचना उभी राहायला आणखी वर्ष लागलं. संयुक्त समिती झाली, दोन्ही गावांचे तीन-तीन सदस्य, अध्यक्षपद आलटून पालटून. खर्च साठ-चाळीसच राहिला, मात्र मतं समसमान. या मुद्द्यावर आमच्या सभेत फार वाद झाला : जास्त पैसे देणाऱ्याचं मत जास्त का नको? तालुक्याच्या कार्यवाहांनी त्या सभेत बडोद्याचं उदाहरण दिलं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. गावाने जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी ती व्यवस्था होती, आणि लांबच्या गावांना पुस्तकांच्या फिरत्या लाकडी पेट्या जात. आमच्यातल्या लहान गावाला समान रक्कम परवडली नसती, म्हणून बडोद्याची वाटणी आम्हाला जशीच्या तशी लागू नव्हती. पण फिरत्या पेटीची गोष्ट सभेने उचलली. वाचक खोलीपर्यंत येत नसतील तर पुस्तकांनी जावं.

ग्रंथपालाचं मानधन आता दोन्ही ग्रामपंचायतींच्या स्वनिधीतून, तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ समितीच्या खात्यात जमा होतं. करारनाम्यातलं ते पहिलं कलम आहे, माझ्या आग्रहावरून. जे कलम मला 2019 मध्ये अमंगळ वाटलं होतं, वेगळं व्हायचं झालं तर काय, तेही आहे. ते वाचल्यावर पलीकडच्या सदस्यांचे चेहरे सैल झालेले मी पाहिले. वाचनालय तिठ्यावर हलवण्याचं मात्र अजून झालेलं नाही. सोसायटीने ती खोली मध्यंतरी खताच्या साठ्यासाठी देऊन टाकली. 2019 मध्ये ती मिळत होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये माझी मुदत संपली. आता मी समितीवर नाही. दर बुधवारी संध्याकाळी पाच ते सात पलीकडच्या देवळाच्या सभामंडपात पेटी उघडते, तिथे ग्रंथपालाच्या हाताखाली देवघेव लिहायला जाते. काजू युनिटमधल्या बाया कामावरून सुटून थेट येतात. ती मुलगी अजून आलेली नाही. ती आता कॉलेजला आहे, एसटीतून उतरून देवळावरून जाते, कधी नजर वळवते, कधी नाही.

समितीने माझ्याकडे एक काम दिलं आहे, आणि ते मीच मागून घेतलं होतं : दाखल नोंदवहीतल्या 2019 च्या नोंदी दुरुस्त करणं. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या ओळीवर लाल रेघ मारायची, वर खरी नोंद लिहायची, शेजारी सही आणि तारीख. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन आतलं पान बघावं लागतं. काही पानं बुऱ्याने गेली आहेत, तिथली शाई वाचता येत नाही. ती पुस्तकं बाजूला ठेवते आणि मंडळांकडे जुन्या याद्या आहेत का ते मुंबईला फोन करून विचारते. परवा देवघेव नोंदवहीतलं जुलै 2022 चं पान समोर आलं. शेऱ्याच्या त्या ओळीवर लाल रेघ मारली, सही केली, तारीख घातली. खालचा शब्द वाचता येतो, आणि नियमानुसार तो वाचता आलाच पाहिजे. दाखल नोंदवहीतली चार पानं अजून बाकी आहेत.